मागच्या बाकावरची

नव्वदचं दशक निम्मं सरलं तेव्हा नवी मुंबईत जुईनगरच्या एका नव्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवायला लागले. घर साताऱ्याला, इथे ओळखीचं कुणी नाही. भाड्याच्या खोलीत बोलायला फक्त भिंती होत्या. वर्गातही लवकरच तेच झालं.

मुलं यायची ती परीक्षेच्या तोंडावर, 'आयएमपी' घ्यायला. कोणते प्रश्न येणार ते शिकवणाऱ्याने सांगायचं आणि पोरांनी गाईडमधून तेवढेच घोकायचे, असा रिवाजच होता. मी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, की आयएमपी मिळणार नाहीत, वर्गात प्रश्न विचारा. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. वर्ग ओस पडला. मुलं येत नसतील तर पुढच्या वर्षी तुमच्या तासांचं अवघड आहे, असं प्राचार्यांनी गोड शब्दांत सुनावलं. मी ठसक्यात बाहेर पडले आणि खोलीवर जाऊन रडले.

शेवटी एकच मुलगी उरली. दिघ्याला मावशीकडे राहायची, मागच्या बाकावर गप्प बसायची. तिच्या एकटीसाठी मी फळा भरून शिकवायचे. हिला तरी विषयाची गोडी लागली, या समाधानावर माझा दिवस जायचा. एकदा न राहवून विचारलंच, की तू का येतेस?

"तुमी एकट्याच बसलेल्या दिसता, मॅडम. बरं नाय वाटत."

म्हणजे ती शिकायला नव्हे, मला सोबत करायला येत होती. भयंकर राग आला, पण नेमका कुणावर ते कळेना. तोंड फिरवून मी घटत्या उपयोगितेचा नियम सांगू लागले. पहिल्या चहाची गोडी दुसऱ्याला नसते, चौथा तर नकोसाच होतो. कुठलीही गोष्ट मिळत गेली की तिची ओढ कमी होत जाते.

तिने पहिल्यांदाच हात वर केला.

"मॅडम, आई गावावरनं वर्षातून एकदा येते. कितीबी दिवस राहिली तरी मला पुरत नाय. मग हा नियम खोटा हाय का?"

असा प्रश्न कुठल्याच गाईडमध्ये नव्हता. दिवाळीनंतर मीही साताऱ्याला जाऊन आईला भेटले नव्हते. खडू ठेवून मी तिच्या बाकावर जाऊन बसले.

"मलाही नाही पुरत," म्हटलं.

मग घंटा झाली तरी आम्ही त्या नियमाशी भांडत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले, तर ती आधीच येऊन पहिल्या बाकावर बसली होती.