आत्याने भरलेलं थेटर

भरचौकातल्या जुन्या थेटरात माझी आत्या डोअरकीपर. हातात टॉर्च आणि तोंडाचा पट्टा कायम चालू. तिच्या धाकाने भलेभले पुढच्या खुर्चीवरचे पाय मुकाट खाली घेत. नवरा गेल्यावर याच नोकरीवर तिने पोरांना वाढवलं. शहरातली अर्धी लग्नं आपल्याच बाल्कनीत जुळली, असं ती छातीठोकपणे सांगते.

मालकाला मात्र थेटर पाडून दुकानं काढायची होती. आत्याने त्याला लहानपणी चड्डीत फिरताना पाहिलेलं, त्यामुळे ती त्याला अरेतुरेच करायची. इमारत जुनी, परवानगीशिवाय हात लावता येईना. म्हणून पठ्ठ्याने वर नगरपालिकेच्या साहेबांना कळवलं, इथे काळं कुत्रंही फिरकत नाही. साहेब पाहणीला यायच्या दिवशी त्याने तिकीटखिडकी बंद ठेवली आणि सिनेमा तेवढा चालू ठेवला. साहेबांना रिकाम्या खुर्च्या दिसाव्यात म्हणून! असला नालायकपणा मी आजवर पाहिला नव्हता.

आत्या पेटली. शिंपी, भाजीवाल्या, केस अर्धे कापलेलं गिऱ्हाईक घेऊन न्हावी, सगळ्यांना तिने बाजूच्या दाराने आत घेतलं. मीही होते. तरी माणसं जेमतेमच. पण दारातून बघणाऱ्याला मागच्याच रांगा दिसतात, हे डोअरकीपरला सांगायला नको. तिने सगळ्यांना मागे बसवलं, एक खुर्ची सोडून एक. थेटर भरल्यासारखं वाटायला लागलं.

साहेब आले, दिवे लागले. मालकाचं तोंड एवढंसं झालं. पण साहेब चालत चालत थेट पडद्यापाशी गेले आणि वळून बघतात तो काय, पुढचं अर्धं थेटर ओस!

"यांना असं कोणी बसवलं?"

"मी," आत्या म्हणाली. "फुकट आणलंय, तेही सांगते. यानं खिडकीच उघडली नाही, तर माणसं येणार कुठून? उद्या उघडायला लावा, मग बघा."

"उद्यापासून कामावर यायचं नाही!" मालक ओरडला.

"नाही येत. तिकीट काढून येते. अडव बघू!"

मला इतका अभिमान वाटला की रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी साहेब खरंच आले. बंद खिडकीशी सगळ्यात पुढे आत्या उभी होती, आणि तिच्यामागची रांग शिंप्याच्या दुकानाला वळसा घालून गेली होती. आत्याने फळीवर थाप मारली.

"उघड रे! साहेबही रांगेत आहेत."