फणेरपेटीवरची धूळ

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. सवतीचा मात्र धसका होता — आणि ती तर मी लग्न होऊन येण्याआधीच वारलेली!

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. शहापूर तालुक्यातलं आमचं किन्हवली. मी दुसरेपणाची. घरात पाऊल टाकल्यापासून एकच ऐकत होते. शेजारच्या काकू माझ्यासमोर फळीवरून बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, "आमची यमू होती तवा धूळ नाय दिसायची गो!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्या वर्षी गावच्या नाटकात भुताचं घर होतं. देखावा ह्यांच्याकडे. सामानाला आधी खळ फासायची, मग वस्त्रगाळ राख आणि गिरणीतला बारीक कोंडा वरून फुंकायचा. शेवरीचा कापूस ताणला की झाली कोळिष्टकं... ही धूळ नुसत्या फडक्याने निघत नाही, ओल्या हाताने घासावी लागते.

ह्यांनी यमूची वेणीफणीची, आरशाची फणेरपेटीही काढली. "जपून हां," म्हणाले. माझ्या कुठल्या वस्तूला कधी जपून म्हटलं नव्हतं! सगळ्यात जाड थर मी तिच्यावरच दिला, अगदी मनापासून.

दुसऱ्या दिवशी सामान ठेवलेली पडवीतली खोली उघडली. सगळं धुळकट, पेटी तेवढी लख्ख! किल्ली माझ्या कनवटीला, आणि हे आदल्या दिवसापासून शहापूरला, गॅसबत्त्या आणायला गेलेले. मी पुन्हा थापली. संध्याकाळी पुन्हा लख्ख. नाटकाआधी रंगमंचावर, सगळ्यांदेखत, तिसऱ्यांदा थापली... पडदा वर गेला, तर यमूच्या आरशात गॅसबत्ती झळकत होती.

हे विंगेत उभे, डोळ्यांत पाणी. नाटक संपल्यावर मला म्हणाले, "तू पुसलीस ना? मला वाटायचं, तुला तिचं काय खपत नाय."

"मी नाय वो पुसली! देवाशपथ!"

पण ह्यांना तो माझा मोठेपणाच वाटला. त्या दिवसापासून माणूस बदलला. मला नावाने हाक मारू लागला, बाजारातून गजरा आणू लागला.

पेटी कुणी पुसली, ते मला आजतागायत कळलेलं नाही. संसार दृष्ट लागण्यासारखा झाला, असं सगळे म्हणतात. झाला खरा. पण तोही तिनेच पुसून-बिसून माझ्या हाती दिला असेल तर...?

मेलीने नवराही मला माझा मिळवू दिला नाही!