मिस्त्रींनी बंद केलेली गळती

मिस्त्रींना शहाणपण शिकवायची कुणाची बिशाद नव्हती. नळ, टाक्या, पंप यांत हयात गेलेली. त्यामुळे जगात जे बिघडतं ते वायसर बदलला की नीट होतं, ही त्यांची ठाम समजूत. मधुमेह जुनाच. पायांना सूज आली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किडनीला मार बसलाय, ही नवी गोळी रोज घ्या, डायलिसिस लांब राहील. बायकोने हात जोडले, मिस्त्रींनी नाक मुरडलं.

आठवड्याभरात त्यांनी जुन्या सवयीने लघवीत तपासपट्टी बुडवली. पट्टी गडद रंगली, म्हणजे साखर.

"बघ तुझ्या डॉक्टरीणबाईची करामत! औषधाने उलट साखर गळायला लागली. गळती मला शिकवतात!"

"अहो, त्यांना विचारा तरी एकदा."

"हातच्या काकणाला आरसा कशाला?"

झालं! त्या दिवसापासून हे महाशय बायकोदेखत गोळी हातात घेत, घटाघटा पाणी पीत आणि गोळी गुपचूप खिशात टाकत. पट्टीचा रंग उतरला, तशी त्यांची छाती फुगली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. यांना तर बैल गेल्याचाही पत्ता नव्हता.

वर्षभराने रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "गोळी घेताय ना?"

"न चुकता!"

"मग तिचा उपयोग होत नाहीये. डायलिसिसची तयारी ठेवा."

बायकोने पिशवीतून मिस्त्रींचा वायसरांचा डबा काढून टेबलावर पालथा केला. गावभर नळ दुरुस्त करणाऱ्या या माणसाच्या स्वयंपाकघरातला नळ सदा ठिबकायचा. त्याला वायसर शोधताना सकाळीच हा डबा तिच्या हाती लागला होता. वायसरांबरोबर गोळ्यांचा ढीग टेबलभर पसरला.

"ही गोळी साखर लघवीवाटेच काढते हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यातून किडनीवरचा ताण उतरतो. पट्टी रंगली, तेव्हा गोळी काम करत होती!"

मिस्त्रींनी ढिगातली एक गोळी उचलली. म्हणाले, "आता घेतो."

"घ्या. उरलंय ते सांभाळू, गेलेलं परत येत नाही. आणि किडनी थकली की साखरही कमी उतरते, तेव्हा पट्टी पूर्वीसारखी रंगणार नाही."

आता मिस्त्री रोज गोळी गिळतात आणि आ करून बायकोला तोंड दाखवतात. मग पट्टी खिडकीपाशी धरून डोळे बारीक करतात.

"अगं, रंगली का गं जराशी?"

स्वयंपाकघरात नळ ठिबकत असतो. ती मागे वळूनही न बघता म्हणते, "रंगलीय."