जन्म, मृत्यू आणि चामखीळ

नगरपालिकेच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खिडकीत जन्म-मृत्यूचे दाखले मिळत. खिडकीमागे थोरली बसायची. माणसं जन्मली आणि मेली हे ती एकोणीस वर्षं शिक्के मारून पटवत होती. शिक्का नसेल तर समोर उभा राहून तावातावाने बोलणारा माणूसही अजून जन्मलेला नाही, असं नगरपालिकेचं ठाम मत होतं.

"जन्म की मृत्यू?" ती मान वर न करता विचारायची.

"चामखीळ," खिडकीतून उत्तर यायचं.

मग थोरली पेन खाली ठेवायची, इकडेतिकडे बघायची आणि दबक्या आवाजात म्हणायची, "संध्याकाळी सहानंतर घरी या. आणि ते बोट तेवढं कट्ट्यावरून उचला, इथे लोक सह्या करतात."

हे लचांड तिच्या गळ्यात पडलं ते सासूबाईंमुळे. त्या घरातली मोठी सून चार पिढ्या लोकांच्या चामखिळी घालवत आली होती. म्हणून तर तिला घरीदारी सगळेच थोरली म्हणायचे. स्वतःचं नाव ती फक्त पगाराच्या दिवशी वापरायची. उपाय अगदी सोपा. चामखिळीच्या मुळाशी घोड्याच्या शेपटीचा केस बांधायचा, तीन गाठी मारायच्या, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचं आणि रोग्याला तीन अटी घालायच्या. एकवीस दिवस चामखिळीकडे बघायचं नाही, आभार मानायचे नाहीत आणि याबद्दल कुणाला सांगायचं नाही. ही शेवटची अट लोक इतक्या निष्ठेने पाळत की हे घर ठाऊक नसलेला माणूस गावात औषधालाही सापडत नव्हता.

पुढे सासूबाईंचे हात थरथरायला लागले. एकदा चामखीळ राहिली बाजूला आणि एका मास्तरांचा अख्खा अंगठाच बांधला गेला. तेव्हा कुठे त्यांनी विद्या सोपवायचं मनावर घेतलं. थोरलीला खोलीत बोलावलं, दार लावलं, खिडकी लावली, पंखासुद्धा बंद केला. गुपित वाऱ्यावर जायला नको.

"आई, मी विज्ञानाची पदवीधर आहे," थोरली घाम पुसत म्हणाली.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "मी कुणाला सांगणार नाही."

पुढे नाही म्हणायची सोयच राहिली नाही. थोरलीने केसांचा पत्र्याचा डबा हातात घेतला आणि विचारलं, "आणि ते पुटपुटायचं काय असतं? मंत्र?"

"कसला मंत्र! दूध तापवायचंय, इस्त्रीचे कपडे यायचेत, गॅस संपत आलाय, असं काहीही. ओठ हलले म्हणजे झालं. आपण गप्प बसलो की समोरचा बोलायला लागतो. आधी चामखिळीचा इतिहास सांगतो, मग सुनेचा."

पहिला रोगी समोरचा शर्ट शिवणारा. त्याच्या तर्जनीवर चामखीळ होती आणि दर शर्टाला एकदा तिच्यात दोरा अडकायचा. थोरलीने केस बांधला, तीन गाठी मारल्या, गॅसची नि इस्त्रीची आठवण काढली आणि मनातून स्वतःची लाज वाटून घेतली. एकोणिसाव्या दिवशी तो माणूस कागदाची पुडी घेऊन दारात हजर.

"हे घ्या," तो म्हणाला. आभार मानायचे नव्हते, म्हणून बिचाऱ्याने चामखीळच भेट आणली होती.

थोरलीला रात्री जेवण गेलं नाही. उपाय फसला असता तर तिला केवढं बरं वाटलं असतं! सरकारी दवाखान्यातला एक तरुण डॉक्टर मृत्यूचे कागद द्यायला तिच्या खिडकीवर यायचा. दुसऱ्या दिवशी तिने त्याला गाठलं. "डॉक्टर, चामखीळ जाते कशाने?"

"बऱ्याचशा आपोआपच जातात. कुणाची सहा महिन्यांनी, कुणाची दोन वर्षांनी. तोवर माणूस काही ना काही करत असतो, श्रेय त्याला जातं." डॉक्टरने घड्याळाकडे पाहिलं. "देठाची असेल तर दोरा आवळून पडतेही. पण असले उद्योग घरी करू नयेत, चिघळतं. का हो?"

"सहज," थोरली म्हणाली आणि त्याच्या कागदावर गरजेपेक्षा जोरात शिक्का मारला.

त्या दिवसापासून तिने एक सुधारणा केली. केस पाण्यात उकळून घ्यायचा आणि हात साबणाने धुवायचे. सासूबाई हा सोहळा खुर्चीतून बघत. "आमच्या वेळी चामखिळी इतक्या नाजूक नव्हत्या," एवढंच त्या म्हणाल्या.

एका संध्याकाळी उकळलेला केस फार लांब वाटला म्हणून थोरलीने त्याचं टोक गॅसवर धरलं. केस जळला की कसा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं. हा केस जळलाच नाही. तो वितळला, त्याच्या टोकाला इवलासा मणी आला आणि कुणी प्लॅस्टिकची बादली पेटवावी तसा वास स्वयंपाकघरात पसरला. थोरली तशीच चिमटा हातात घेऊन बाहेर आली.

"आई, हा घोडा कोणत्या कंपनीचा होता?"

सासूबाई चष्मा पुसत होत्या. त्यांनी तो शांतपणे पुसून पूर्ण केला. "घोडा गेला तुझ्या लग्नाआधीच. टांगेवाल्याने रिक्षा घेतली. आता रिक्षाला शेपूट कुठून आणायची?"

"मग हे काय आहे?"

"तुझ्या सासऱ्यांची दाढी."

थोरलीने चिमटा अंगापासून लांब धरला.

"नाटकातली गं! दरोडेखोर झाले होते ना हौशी मंडळात. प्रयोग एकच झाला. लोकांनी दुसरा होऊ दिला नाही. दाढी मात्र चांगली हातभर लांब होती, ती राहिली घरात. टाकायची कशाला?"

"म्हणजे एवढी वर्षं लोकांच्या बोटांना, मानेला, पापणीला..."

"गुण आला ना? मग! घोडा मेला म्हणून लोकांच्या चामखिळी थांबणार होत्या का? आणि खरं सांगितलं असतं तर एकही पडली नसती."

विज्ञानाच्या पदवीधराने जाऊन डबा उघडला. दाढीचे जेमतेम मूठभर केस उरले होते. थोरलीने दुसऱ्याच दिवशी शर्टवाल्याकडून काळ्या दोऱ्याचं रीळ आणलं आणि डब्यात दाढीशेजारी ठेवून दिलं. दोऱ्यानेही चामखिळी पडायला लागल्या. चामखिळींना कसलीच निष्ठा नव्हती.

ऑफिसातला बोभाटा मात्र वाढत गेला. शेवटी मोठ्या साहेबांनी तिला वर बोलावलं आणि अर्धा तास उभं ठेवून सुनावलं. सुशिक्षित बाई, सरकारी खुर्ची, अंधश्रद्धेला खतपाणी, लोकांनी काय आदर्श घ्यायचा. थोरलीला त्यातला शब्दन् शब्द पटला. ती मान हलवत राहिली. ती दाराशी पोचल्यावर साहेबांनी कॉलर जरा खाली ओढली आणि घसा खाकरला. "जाता जाता एक विचारायचं होतं. मानेवरचीसुद्धा जाते का?"

"सहानंतर घरी या, साहेब," थोरली म्हणाली.

साहेब आले, मागच्या दाराने.

हे असंच वर्षानुवर्षं चाललं असतं. पण एके दिवशी पोस्टासमोर पेटी मांडून किल्ल्या बनवणारा म्हातारा लंगडत घरी आला. त्याने चप्पल काढली आणि टाच पुढे केली. "चालताना खुपतं. बांधून टाका एकदाचं."

थोरलीने टाच उजेडात धरली. तिथे चामखीळ नव्हतीच. काळा डाग होता, रुपयाएवढा, एका बाजूने पसरलेला, कडा वेड्यावाकड्या, मधे जरासं ओलं. ती डॉक्टर नव्हती. पण मृत्यूच्या कागदांवर 'कारण' नावाचा एक रकाना असतो आणि एकोणीस वर्षं तो तिने वाचला होता.

"कधीपासून आहे?"

"दोन वर्षं असेल. हल्ली वाढलाय."

"काका, हे माझं काम नाही. उद्या सकाळी दवाखान्यात जा."

म्हाताऱ्याचा चेहराच पडला. "अहो, एवढ्या लांबून पाय ओढत आलो. साहेबांना बांधता आणि किल्लीवाल्याला दवाखाना? दवाखान्यात गेलेला माझा भाऊ घरी आला नाही. मी मरेन, पण तिथे पाय ठेवणार नाही."

"काका, तसं नाही हो..."

"राहू द्या. कळलं." त्याने चप्पल घातली आणि तो लंगडत निघून गेला.

थोरली दारात उभी राहिली. धाकटी जाऊ आतून बाहेर आली. विद्या आपल्याला मिळाली नाही हा राग तिने एवढी वर्षं नीट जपून ठेवला होता. "बांधायचा होता दोरा," ती म्हणाली. "आपलं काय जातंय?"

थोरलीला वाटलं, आता सासूबाईही हेच म्हणणार. सासूबाईंनी धाकटीला चहा टाकायला पाठवलं. धाकटी आत गेल्यावर त्यांनी थोरलीला जवळ बसवलं.

"तू या घरात यायच्या आधीची गोष्ट आहे. एक बाई यायची, कपडे धुवायची लोकांचे. तिच्या पाठीवर असंच काहीतरी होतं. मी बांधलं. तीनदा बांधलं. चौथ्यांदा ती आलीच नाही." त्यांनी पदराची कड बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "मी म्हटलं, बरी झाली असेल. आपल्या धंद्यात असंच असतं. जो परत आला नाही तो बरा झाला असं धरून चालायचं. नाहीतर झोप कशी लागणार?"

"तुम्ही चौकशी नाही केलीत?"

"नाही." त्यांनी पदर सोडून दिला. "तू त्याला जाऊ देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी थोरलीने अर्धा दिवस रजा टाकली आणि पोस्टासमोर गेली. किल्लीवाला कानशीने किल्ली घासत होता. त्याने तिला बघून न बघितल्यासारखं केलं. दवाखान्याचं नाव काढलं तर हा पेटी उचलून चालू पडेल, हे तिला कळत होतं. मग तिने आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. ती त्याच्या शेजारी स्टुलावर बसली, चेहरा गंभीर केला आणि घराण्याच्या नावाने धडधडीत खोटं बोलली.

"काका, काल मी चुकले. सासूबाईंनी चांगलं फैलावर घेतलं मला. टाचेवरच्या डागाला एक वेगळी अट आहे, ती सांगायची राहिली."

कानस थांबली. "कसली अट?"

"टाचेचा डाग उलट्या स्वभावाचा. त्याला आधी डॉक्टरचा हात लागावा लागतो. डॉक्टर बघेल, काय करायचं ते करेल, कागदावर लिहून देईल. तो कागद घेऊन आलात तरच आपला केस लागू पडतो. नाहीतर केस वाया."

"पूर्वीपासून आहे ही अट?"

"चार पिढ्या."

म्हातारा विचारात पडला. डॉक्टरांवर त्याचा विश्वास नव्हता, पण अट ही अट होती. "मग काल नाही का सांगायचं! एवढं साधं होतं तर!" त्याने पेटी बंद केली, शेजारच्या चहावाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि थोरलीबरोबर तो दवाखान्यात गेला. रांगेत उभं असताना त्याने मागच्या दोघांनाही अट समजावून सांगितली.

तरुण डॉक्टरने टाच पाहिली आणि त्याचं हसणं बंद झालं. चार दिवसांत कापाकापी झाली, तुकडा तपासायला गेला, कर्करोग निघाला, पुढे आणखी मोठी शस्त्रक्रिया झाली. सगळ्या धावपळीत थोरलीच्या उरलेल्या रजा संपल्या. अजून वर्ष गेलं असतं तर यांचा मृत्यूचा कागद माझ्याकडून तुमच्या खिडकीवर आला असता, असं डॉक्टर तिला म्हणाला. त्या दिवशी ती दवाखान्याच्या जिन्यावर बसून जरा रडली. मग ऑफिसात जाऊन तिने चौदा दाखले दिले.

तीन महिन्यांनी किल्लीवाला काठी टेकत घरी आला. हातात दवाखान्याचा कागद होता. "आता बांधा," तो म्हणाला.

टाच स्वच्छ शिवलेली होती. बांधण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. थोरलीने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी डबा पुढे केला. तिने दरोडेखोराच्या दाढीतला एक अस्सल केस काढला, उकळला, म्हाताऱ्याच्या घोट्याभोवती सैलसर बांधला आणि तीन गाठी मारल्या.

झालं. म्हाताऱ्याने गावभर सांगितलं की डॉक्टरने डाग आपला नुसता कापून काढला, बरं केलं ते केसाने. थोरलीने हात न लावता नुसत्या नजरेने आतला रोग ओळखला, हेही त्याने पदरचं घालून सांगितलं. ज्या एकाच माणसाला तिने परत पाठवलं, त्याने तिला सगळ्यात मोठं करून ठेवलं. आता लोक बसने येऊ लागले. मात्र प्रत्येकाच्या हातात डॉक्टरचा कागद असायचा, कारण टाच काय आणि मान काय, अट कुणी मोडायला तयार नव्हतं. दवाखान्यात चामखिळींची रांग लागली. तरुण डॉक्टर एकदा खिडकीवर आला तेव्हा त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"ती तुम्हीच ना?" त्याने विचारलं.

"जन्म की मृत्यू?" थोरली म्हणाली.

आणि धाकटीचाही राग एकदाचा गेला, कारण गर्दी वाढल्यावर सासूबाईंनी तिलाही हाताशी घेतलं. दार लावून, खिडकी लावून, पंखा बंद करून त्या तिला सगळं रीतसर सांगत होत्या. थोरली बाहेर कपडे वाळत घालत होती. दारातून आवाज येत होता.

"आणि डॉक्टरचा कागद बघितल्याशिवाय गाठ मारायची नाही. कागदावर तारीख पाहिजे, सही पाहिजे. माझ्या सासूबाई फार कडक होत्या याबाबतीत."

"त्यांच्या वेळी होता दवाखाना?" धाकटीने विचारलं.

"नव्हता," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर कडक होत्या."