राजपुत्राचा पाय चिखलात

तुळशीरामाचं लिही. त्याचा एक पाय लहानपनापासून बारीक, तरी आमच्यासंगं मिठागरावर कामाला यायचा. माझं लगीन नुकतंच झालेलं, तुजा बाप जन्मायचा व्हता.

दर मानसाला टोपल्या ठरलेल्या. मीठ डोक्यावर घ्यायचं, निसरड्या बांधावरनं चालायचं नि राशीवर वतायचं. तुळशीरामाला ते झेपायचं नाय. पन तो पनवेलला तंबूतला शिनेमा बघून यायचा नि दुपारी भाकर खाताना आमाला सांगायचा. गोष्ट रंगली की आमी बायका त्याच्या टोपल्या वाटून घ्यायचो. नाय रंगली तर त्याच्या त्यानं उचलायच्या. सरळ कारभार.

एकदा दर्या अडवनाऱ्या राजपुत्राचा शिनेमा आला. ती गोष्ट आमी श्रावनात पोथीत ऐकलेली. तुळशीराम सांगतोय, "उधानात बांध फुटला, ही मोठी खांड पडली. राजपुत्रानं नुसता पंजा आडवा धरला. पानी गप मागं."

आमच्यातली सखूबाई म्हनली, "मंग?"

"मंग काय, लगीन."

"एका हातानं खांड बुजवली? परवा आपला बांध फुटला तवा अख्खा गाव चिखलात व्हता. माझा दीर अजून कंबर धरून बसलाय."

"अगो, तो वीर हाय."

"पोथीत पन वीरच हाय. तिथं सात दिस खपतो, हात सुजतात त्याचे. तुज्या राजपुत्राला घाम पन नाय. मंग मी कशाला जीव टांगून बसू?"

नि उठली. तिच्यामागं आमी पन. त्या दिशी तुळशीराम आपल्या टोपल्या घेऊन बांधावर दोनदा पडला, मीठ पान्यात गेलं. मना वाईट वाटलं, पन ठरलं ते ठरलं.

दुसऱ्या दिशी भाकर सोडता सोडता म्हनतो, "काल घाईत मधलं राहूनच गेलं."

मधलं म्हंजे काय, तर राजपुत्र खांडीत उतरला. पानी गळ्याला. पाय चिखलात रुतला, निघता निघंना. वरनं गावकरी हातोहात ढेकळं देतायत, तो एकेक लावतोय. नि ढेकळं संपली.

एवढं सांगून भाकर चावत बसला.

"पुढं?" सखूबाई म्हनली.

"उद्या. मना टोपल्या उचलायच्या हायत."

"बस गप, मेल्या." तिनं आपल्या आधी त्याची टोपली डोक्यावर घेतली.

तीन दिस झाले, राजपुत्र खांडीतच. मना काय धीर धरवंना. तुज्या आज्याच्या मागं लागून तंबूत गेले. बघते तर पडद्यावर पंजा आडवा, पानी मागं, लगीन. मी वाट बघत बसले, चिखल कवा येतो. आलाच नाय.

सकाळी तुळशीरामाला बाजूला घेतलं. "काय रे, तो पाय कुठं रुतला?"

त्यानं सखूबाईकडं बघितलं. हळूच म्हनला, "वयनी, बोलू नका."

मी कशाला बोलते. त्याची टोपली उचलली नि विचारलं, "आज तरी सुटतो का त्याचा पाय?"

"बघू," म्हनला, "अजून लय मीठ हाय."