केळं दाबू नये

केळं दाबून पाहणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग येतो. सप्तापूरच्या कोपऱ्यावर केळी विकणाऱ्या अक्काला जाऊन विचारा. तिचं नाव मी कधी विचारलं नाही, सगळे अक्का म्हणतात म्हणून मीही म्हणतो. दात गेल्यापासून मी घरीच मऊ बिस्किटं भाजतो. पिकलेली केळी कुस्करायची, त्यात ओट्स आणि थोडा गूळ घालायचा, की झालं. त्यासाठी आठवड्यातून दोनदा तिच्याकडे जाणं होतं.

अक्का स्वतः केळं कधीच दाबत नाही. देठाशी नाक नेते, हुंगते आणि पिकलेलं अलगद बाजूला ठेवते. अंगठा लागला की केळं संध्याकाळपर्यंत काळं पडतं आणि गाईपुढे जातं.

परवा एक साहेब गाडीतून उतरले. पाच-सहा केळ्यांत अंगठा खुपसून "कच्ची आहेत" म्हणाले आणि निघाले. माझं डोकंच फिरलं.

"अहो, ही काय दाराची बेल आहे?" मी ओरडलो. "गरिबाचा माल नासवताना लाज नाही वाटत?"

त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी मात्र तणतणतच राहिलो. अक्का पदराने एकेक केळं पुसत होती.

"असू द्या अण्णा," ती शांतपणे म्हणाली. "ते एक दिवस आले, गेले. तुमी तर दर बारीला दाबूनच बघताय की, बिस्किटाला मऊ पायजे म्हणून."

मी खाली पाहिलं. भांडणाच्या भरात माझा अंगठा एका केळ्यात पार रुतला होता.