परेरा बुवांचं ध्रुपद

उत्रोलीच्या मानसिंगला रॉक म्हणजे काय ते विचारू नका, त्याला सांगता यायचं नाही. पण रॉकवाल्या नेविल परेराचं गाणं मध्येच तोडून दाखवा, डोक्यावरचा भाताचा भारा खाली न ठेवता तो पुढची ओळ धरेल.

खापर फोडायचं तर ते एका जुन्या टेम्पोवर. मानसिंगनं तरुणपणी तो विकत घेतला, तेव्हा टेपात परेराची कॅसेट अडकून बसली होती. आधीच्या मालकाला ती निघाली नाही, मेकॅनिकला निघाली नाही, आणि मानसिंगला तर ती काढायचीच नव्हती. भोर ते मार्केट यार्ड, जाताना परेरा, येताना परेरा. निम्मी गाणी इंग्रजी. शब्द डोक्यावरून जायचे, पण माणूस दम कुठं भरतो आणि कुठं सोडतो ते बरोबर कळायचं. म्हणून हा त्याला परेरा बुवा म्हणायचा. पुढं उभं राहून गातो तो बुवा, मग टाळ असो नाहीतर गिटार.

आता मानसिंग स्वतः भजनी मंडळात ध्रुपद, म्हणजे अभंगाचं पालुपद, धरणारा. त्याचं काम एकच. गाता गाता बुवाचा आवाज चिरकला, दम तुटला, की मागच्यांनी ध्रुपद उचलायचं आणि बुवा घोटभर पाणी पिऊन सावरेपर्यंत ते खाली पडू द्यायचं नाही. बुवाला एकटं सोडणाऱ्याच्या तोंडात उत्रोली आठ दिवस शेण घालते, आणि बरोबरच आहे.

तर हा परेरा सत्तरी ओलांडून पुण्यात शेवटचा कार्यक्रम करणार, म्हणून मानसिंगच्या पुण्यात नोकरीला असलेल्या भाचीनं, शेफालीनं, दोन तिकिटं काढली. मामा परीटघडीचे कपडे घालून, टोपी सारखी करत गेले. दारावर तंबाखूची पुडी काढून घेतली, ते समजू शकतो. पण चुन्याची डबीसुद्धा? चुन्यानं कुणाचा जीव जातो हो? आत गेले तर पुढच्या रांगेतली मंडळी बुवाकडं पाठ करून स्वतःचेच फोटो काढत होती. मानसिंगनं दात आवळले आणि बसून राहिला.

शेवटी ते गाणं आलं. गावाकडच्या वाटेचं, ज्याच्यासाठी तो आला होता. पहिलं कडवं झालं, आणि वरच्या सुराला म्हाताऱ्याचा आवाज फाटला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. मग त्यानं माईक लोकांपुढं धरला. म्हणजे, धरा बाबांनो. हजारो माणसं बसलेली. हजारो मोबाईल वर झाले, पण एकानं तोंड उघडलं असेल तर शपथ.

मानसिंगच्या अंगाचा तिळपापड झाला. तो उठला, कानावर हात ठेवला आणि त्यानं ध्रुपद उचललं. ओढ्यापलीकडच्या माणसाला हाक मारायची सवय असलेला तो आवाज, सगळ्या सभागृहात गेला. पुढच्या रांगेतला एक जण वळून म्हणाला, "काका, प्लीज. आमच्या व्हिडिओत तुमचा आवाज येतोय."

अरे, यावा म्हणूनच तर गात होता ना तो! मानसिंग थांबला नाही. मग कुणीतरी तक्रार केली, रखवालदार आला आणि दुसऱ्या आवर्तनाच्या मध्येच त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेला. शेफाली मागून भांडत आली, पण तिचं कोण ऐकतंय! दार लागता लागता आतून गाणं पुन्हा सुरू झालं. आवाज तरणाबांड, टेम्पोतल्या कॅसेटीतला. बुवा समोर जिवंत उभा, आणि गातोय टेप! मामा-भाची रात्रीच उत्रोलीला परतली.

सकाळी तो गोठ्यात धार काढत होता. मामाबरोबर आलेली शेफाली मोबाईल घेऊन आली. त्या पुढच्या रांगेतल्या मुलानंच व्हिडिओ टाकला होता. त्यात मानसिंगचा आवाज होता, "काका, प्लीज" होतं, आणि मोठ्या पडद्यावर परेराचा चेहरा होता. ध्रुपद कानावर पडताच म्हातारा हसला. त्यानं माईक तोंडाशी नेला, दम भरला. तेवढ्यात ध्रुपद तुटलं. त्यानं ऐकायला कानामागं हात धरला आणि मानसिंगच्या बाजूला वाकून बघत राहिला. टेप सुरू झाला तेव्हा त्यानं माईक खाली केला आणि मिटल्या तोंडानं उभा राहिला.

मानसिंगनं चरवी खाली ठेवली.

"पोरी, बुवा उचलाय निघालं हुतं गं," तो म्हणाला. "आन् म्या ध्रुपद टाकलं. म्या न्हाई, माझ्याकडनं टाकवलं त्या भाड्यांनी. आता बुवांनी काय समजायचं? कुणीतरी धरलं आन् सोडून गेलं, असंच ना?"

शेफाली मोबाईल बंद करायला लागली.

"ऱ्हाऊ दे. परत लाव."

तिनं परत लावलं. आवाज तुटायच्या जागी मानसिंगनं कानावर हात ठेवला आणि तिथून पुढं धरलं, गोठ्यातच, सगळा दम लावून. शेजारची साळूबाई काय झालं म्हणून दाराशी आली आणि तशीच उभी राहिली. मोबाईलमधला बुवा कानामागं हात धरून उभा होता, तोवर मानसिंगनं ध्रुपद सोडलं नाही.